थर्सडे को हो जाएगी

आखातातल्या मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपच्या त्या मीटिंगला सहा जण होते. पाच जणांना कळले की टाकीची चाचणी गुरुवारी होईलच असे नाही. शर्वाणीला कळले की ती गुरुवारी होणार. पडद्यावरचा प्रत्येक शब्द तिने वाचला होता, आणि वाचलेला प्रत्येक शब्द बरोबर होता.

शर्वाणी वेल्डिंगची गुणवत्ता तपासणारी इंजिनिअर. तिला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नसे; बोलणे चालू असतानाच अक्षरांत उमटवणाऱ्या पडद्यावर ती मीटिंग वाचत असे. वाचले तसे तिने ग्राहकाला कळवले. गुरुवारी ग्राहकाचा इन्स्पेक्टर आला, तेव्हा टाकीचे झाकणही बसले नव्हते.

"ऐकू आलं नाही तर विचारायचं ना," मॅनेजर हेमचंद्र पाठ फिरवून म्हणाले. हे वाक्य पडद्यावर बिनचूक उमटले. "यापुढे मीटिंगला बसू नकोस. डेस्कवर रिपोर्ट्स कर. तुझ्या बाबांना मी समजावतो."

"बाबा इथे नोकरीला नाहीत, सर. मी आहे."

तिला राग आला होता. तरी ती आधी मीटिंगमध्ये तारीख सांगणाऱ्या फोरमन अबरारकडे गेली. फोनवर मीटिंगच्या पडद्याचीच कॅप्शन-व्यवस्था चालू करून तिने तो त्याच्यासमोर धरला. "उस दिन क्या बोला था? वैसे का वैसा बोलो."

फोनवर उमटले: थर्सडे को हो जाएगी. अक्षरे थांबली. अबरारचे ओठ थांबले नाहीत.

तिने त्याच्या हातात खडू दिला. त्याने टाकीच्या पत्र्यावर लिहिले: इन्शाल्ला. देवाची इच्छा असली तर.

"इन्शाल्ला लगा तो थर्सडे गया, मॅडम. यहाँ का बच्चा भी जानता है," तो हसत म्हणाला. पहिले वाक्य फोनवर उमटले: लगा तो थर्सडे गया, मॅडम.

शर्वाणी हसली नाही. यंत्राला अरबी शब्द कळत नाहीत, हा पहिला तर्क. तिने त्याला एकेक शब्द म्हणायला लावला. यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे झाले, हबीबी म्हणजे दोस्ता: तिन्ही गायब. बिस्मिल्ला मात्र शाबूत. तर्क टिकला नाही. गाळायचे शब्द कोणीतरी निवडले होते.

यंत्राची सेटिंग्ज हेमचंद्रांकडे होती. ती त्यांच्या केबिनमध्ये गेली, दार लावून घेतले आणि हे शब्द कोणी काढले ते विचारले.

"मीच काढायला लावले," ते सहज म्हणाले. "कधी क्लायंट समोर बसलेला असतो, आणि स्क्रीनवर हबीबी-यल्ला. प्रोफेशनल दिसत नाही. फिलर वर्ड्सच ते. अर्थ काय त्यांना?"

"गुरुवार पक्का नाही, हे बाकीच्या पाच जणांना त्याच शब्दावरून कळलं."

"अगं, पण ते ऐकतात."

"मग स्क्रीन कोणासाठी लावलाय, सर?"

शर्वाणीने तिथेच उभ्याने ग्राहकाला मेल लिहिला, प्रत हेमचंद्रांना ठेवली, आणि पाठवण्याआधी फोन त्यांच्यापुढे धरला.

"चाचणीची तारीख चुकीची कळवली गेली. कारण: मीटिंगमध्ये अबरार यांनी 'गुरुवारी होईल, इन्शाल्ला' असे सांगितले. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून हेमचंद्र यांनी तो शेवटचा शब्द गाळण्याची सूचना यंत्राला दिली होती, आणि पडदा वाचणाऱ्या एकमेव व्यक्तीला ते सांगितले नव्हते. सूचना आज काढली आहे. पुढच्या मीटिंगला मी असेन."

"काढली कुठे आहे अजून?" हेमचंद्र म्हणाले.

"काढा," ती म्हणाली, आणि त्यांनी काढेपर्यंत उभी राहिली.