हिरव्या सोफ्यात गट्टू

पिंजऱ्याचं दार वर सरकलेलं होतं आणि गट्टू आत नव्हता.

चिमीने भुसा उपसला, पाण्याच्या बाटलीमागे पाहिलं. हॅमस्टर मुठीएवढा, बाटलीमागे तो कुठला मावायला! पण जीव थाऱ्यावर नसला की माणूस कुठेही शोधतं.

"दादा, गट्टू पळाला!"

"आईकडे खाली बघ," दादा जिना उतरता उतरता म्हणाला. "कापसाचा ढीग दिसल्यावर तो सोडतोय होय!"

खालच्या खोलीत आई जुने सोफे दुरुस्त करायची. तिथे सुया, टोकदार पिना आणि बोट चेमटेल अशा स्प्रिंगा असायच्या.

पलंगाखाली एकदा पाहून ती धावत खाली गेली तेव्हा दादा आणि गाडीवाले काका नवं कापड चढवलेला हिरवा सोफा बाहेर नेत होते. चिमी गुडघ्यांवर बसून भिंतीला टेकवलेल्या फळ्यांखाली शोधू लागली. सोफा ठेवलेल्या जागी गट्टूच्या आवडत्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडली होती. एक, दोन... पुढे काहीच नाही.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"काका, थांबा!" चिमी अनवाणीच रस्त्यावर धावली. "सोफ्यात गट्टू आहे!"

"बाळा, मला उशीर होतोय," काका म्हणाले, पण त्यांनी गाडी बंद केली.

चिमीने सोफ्याला कान लावला. आवाज नाही. तिने हलकेच टकटक केलं. तरीही नाही.

आई मागोमाग आली. "नक्की आतच आहे?"

'हो' हा शब्द चिमीच्या अगदी ओठांवर आला होता. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण सोफ्याच्या जागी टरफलं आहेत."

आईने सोफ्याकडे पाहिलं. कालचा अख्खा दिवस तिने त्यात घातला होता. मग ती म्हणाली, "उतरवा खाली. उलटा करा."

तळाचं काळं कापड तिने पक्कड घेऊन सोडवायला घेतलं. एकेक पीन जपून. घाई केली आणि स्प्रिंग सुटली तर? उशीर झालेले काका खाली बसून टॉर्च धरून होते.

कापड बाजूला झालं. दोन स्प्रिंगांच्या मध्ये गट्टू पडला होता. मागच्या पायाला दोरा गुंडाळलेला, डोळे मिटलेले.

"आई, तो..."

"हात नको लावू. घाबरलेला जीव चावतो." आईने लहान कात्री आत सरकवली. कच्. दोरा तुटला. तिने रुमालात घेऊन त्याला चिमीच्या ओंजळीत ठेवलं.

गार होता तो. चिमीने ओंजळ छातीशी धरली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग बोटाला मिशा लागल्या, बारीकशा.

"हलला!"

गट्टूने गालाच्या पिशवीतून कापसाचा भलामोठा बोळा बाहेर काढला.

"वा! ताई, हा तर तुमचा माल चोरून नेत होता," काका म्हणाले, आणि दादाला हसू आवरेना.

चिमी मात्र हसली नाही. गट्टूचा पाय सुजला होता. दवाखान्यात जनावरांच्या डॉक्टरांनी तो हळूच दाबून पाहिला. "हाड शाबूत आहे. चारपाच दिवस लंगडेल," त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"आता का गं?" आईने विचारलं.

"आता रडलं तरी चालेल ना!" चिमी म्हणाली.