चांदीला चांदी

पंचाक्षरीला एकच ध्यास होता. अंगभर चांदीसारखी करडी झाक, लांब रेशमी केस, काळा ठिपका एकही नाही, असा गिनीपिग. चादरीच्या कारखान्यातली पाळी सुटली की तो भवानी पेठेतल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत पिंजऱ्यांपाशी जाऊन बसायचा. बाकी दिवसभर ती जनावरं त्याच्या बायकोच्या, अंकिताच्या गळ्यात. ऊन वाढलं की गिनीपिग पटापट मरतात, म्हणून ती गोणपाटं सारखी भिजवत राहायची. सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यालाही तिला कुर्डुवाडीला जाता आलं नाही. "तू गेल्यावर ह्यांच्याकडं कोण बघंल?" तो म्हणाला होता, तेही गोड आवाजात.

होळीनंतर एका चांदी रंगाच्या मादीला तीन पिलं झाली. दोन आईसारखी. तिसरं पांढरंफेक, डोळे मिटलेले, तोंडात दातच नाहीत. बाकीची दोन जन्मल्या जन्मल्या पळत होती. हे जागीच चाचपडत होतं.

"अहो, हे आंधळं हाय की!"

"चांदीला चांदी लावली की एखादं येतंच तसं," पंचाक्षरी वळूनही न बघता म्हणाला. "राहू दे. जाईल आपोआप."

"म्हंजे तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय. साध्या रंगाला लावलं तर असं होत न्हाई, पर निम्मी पिलं साधीच निघत्यात. मग आपला रंग कधी बसायचा?"

आजवर पिलं झाली की पहाटे तोच वर जाऊन पिंजरा साफ करायचा. आपल्याला आराम देतोय, असं तिला वाटायचं. तो पहाटे काय उचलून टाकत होता, ते तिला आता कळलं.

तिने खाणं भिजवून, पातळ करून ड्रॉपरने भरवलं. चार-पाच दिवसांत पिलू तिच्या मांडीवरच गार पडलं. त्याच दिवशी तिने चांदी नर उचलला आणि साध्या तपकिरी मादीपाशी सोडला.

पंचाक्षरी ओरडला नाही. त्याने नर परत चांदीपाशी ठेवला आणि पिंजऱ्यांना कुलपं घातली. "चारा-पाणी जाळीतनं घाल. जोड्यांचं मी बघतो."

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. कूलर थांबला, पत्रा तापला. जनावरं पाय पसरून धापा टाकू लागली. अंकिताने फोन लावला, पण कारखान्यात फोन गेटवरच जमा असायचे. ती खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली आणि एकेक कडी तोडत गेली. टोपलीत भरभरून सगळी जनावरं तिने खाली मोरीच्या गार फरशीवर आणली. एक म्हातारा नर गेला. बाकीची वाचली.

"कुलपं कुणी तोडली?" आल्या आल्या पंचाक्षरीने विचारलं.

"मी."

तो खाली बसला आणि एकत्र मिसळलेल्या नर-माद्या वेगळ्या करू लागला.

सकाळी त्याने नवी कुलपं आणली. एक किल्ली तिच्यापुढे धरली. "अडीनडीला असू दे. पर जोड्या मोडायच्या न्हाईत."

"चांदीला चांदीच लावणार असाल, तर मी पाणीसुदिक घालणार न्हाई."

"मग मरू देशील?" त्याने शांतपणे विचारलं.

उत्तर त्यालाही ठाऊक होतं. तिने किल्ली घेतली.

तो कामावर गेल्यावर तिने चांदी मादीला बाहेर काढून मांडीवर घेतलं. मादीचे दिवस भरत आले होते. तळहाताखाली पिलं हलत होती. किती ते कळेना, कशी तेही कळेना. मादी निवांत काकडीची फोड कुरतडत होती.