रांगेच्या शेपटाशी

सायकलवाल्यांकडे मी एकच मागितलं होतं. मला तुमच्या मागून येऊ द्या. रोज सकाळी आमच्या फाट्यावरून त्यांची रांग जव्हारकडे परतते, आणि त्याच वेळी मी तिथल्याच शिवणकामाच्या दुकानात कामाला जायला निघते. एकटी दिसले की दोन पोरं मोटारसायकल घेऊन मागे लागतात, अंगाला घासून जातात, पदर ओढतात. रांगेच्या शेपटाशी राहिले असते तर त्यांची हिंमत झाली नसती.

रांगेचा पुढारी तुषार सर, मोबाइलच्या दुकानाचा मालक. माझ्यापेक्षा लहान, तरी पहिल्या दिवसापासून मला ‘तू’ म्हणतो. मग मीही इथे त्याला अहोजाहो करणार नाही. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कासोटा घालून गुडघ्यापर्यंत नेसलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी आणि मी स्वतः रंगवलेली जांभळी सायकल. माझी फार आवडती.

"जत्रेला निघालीस का?" तो म्हणाला. "सायकलिंगची एक पद्धत असते. मडगार्ड, कॅरियर, स्टँड असलं काही चालत नाही. आणि हे लुगडं तर नाहीच नाही."

सगळे खिदळले. आमच्या दुकानाची मालकीण उज्ज्वला त्यांच्यातलीच. तिने संध्याकाळी मोबाइलवर त्यांच्या ग्रुपवर आलेला माझा फोटो दाखवला. खाली लिहिलं होतं, ‘जांभळी नवरी’. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाली. मी घेतलं. का नाही घ्यायचं?

पण गरज माझी होती. मडगार्ड काढलं, कॅरियर आणि स्टँड काढलं, वेणी माळणं सोडलं, उज्ज्वलाची जुनी तंग विजार घातली. आये दारात उभी राहून बघत राहिली.

"गोदे, लुगडा कं टाकलास? लोका काय बोलतील?"

"त्या पोरांपरीस लोका बरी, आये."

मग मला शेवटची जागा मिळाली. मोटारसायकल दोनदा आली आणि रांग बघून निघून गेली. इतकं हलकं वाटलं की चढावर मी चक्क गाणं म्हटलं.

पुढच्या वळणावर आमचा वाघोबा आहे, शेंदूर लावलेला दगड. त्याच्यासमोरून आमच्यात कुणी सायकलवर बसून जात नाही. उतरायचं, हात जोडायचे, चार पावलं चालायचं, मग बसायचं. मी शेवटी, त्यामुळे माझं उतरणं कुणाला कळायचं नाही. एके दिवशी मात्र तुषार सर गुपचूप माझ्या मागे आला. एका हातात मोबाइल धरून माझं शूटिंग करत होता, ग्रुपवर टाकून हसायला. मला काय ठाऊक? मी उतरले आणि तो येऊन आदळला.

त्याचं कोपर खरचटलं, महागड्या सायकलला चरा पडला. मी माफी मागितली, वाघोबाचं सांगितलं.

"कपडे बदलले म्हणून जंगल सुटत नाही!" तो ओरडला. "उद्यापासून हिला घ्यायचं नाही."

उज्ज्वला हेल्मेटचा पट्टा नीट करत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तीच विजार घालून फाट्यावर उभी राहिले. वाटलं, राग उतरला असेल, पुन्हा हातापाया पडू. पण रांगेच्या आधी मोटारसायकल आली.

"अरे, आज तर हिरोइन!"

एकाने माझं हँडल धरलं. दुसऱ्याचा हात मांडीवर आला. तेवढ्यात वळणावर रांग दिसली.

"सर! उज्ज्वलाताई!" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

रांगेचा वेग कमी झाला. तुषार सरने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या हाताकडेही पाहिलं. मग "बाजू, बाजू!" म्हणत त्याने अख्खी रांग आमच्या शेजारून नीट काढून नेली. उज्ज्वला सगळ्यात शेवटी होती, माझ्या जागेवर. तिने मान वळवली नाही.

"गेली ना तुझी माणसा," हँडल धरणारा म्हणाला. आता त्याला कसलीच घाई नव्हती.