हायनेकरचा सोनाटा

श्रीरंगला बायकोचं कौतुक करायची भारी हौस. त्या हौसेनंच तिचा घात केला.

तो जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात इंजिनियर. चारुलता शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन शिकत होती, तिथले म्हातारे वादक हेर फोग्ट यांच्याकडे. या चर्चमध्ये कोणे एके काळी गॉटलीब हायनेकर वाजवायचा. पाणचक्कीवाल्याचा मुलगा. हात सोन्याचे, पण बोलणं गावंढळ, म्हणून शहरातल्या मोठ्या चर्चची जागा त्याला जन्मात मिळाली नाही. दरबारी मंडळी मेजवानीला मात्र हटकून बोलवायची आणि म्हणायची, ‘तुमच्याकडचे ते शेतकऱ्यांचे नाच होऊन जाऊ देत.’ वाजवायचा बिचारा. घरी येऊन त्याच संतापात त्यानं ऑर्गनवर वाजवायची एक मोठी रचना, एक सोनाटा लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात पायांनी वाजवायचे खर्जाचे सूर असे उसळतात की बसायचा बाक थरथरतो.

यंदा, २००७ साली, हायनेकरच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून गावानं मैफल ठरवली. संधिवातानं फोग्टची बोटं वाकडी झाली होती. ते म्हणाले, सोनाटा चारुलता वाजवेल. तिनं हिवाळाभर गारठलेल्या चर्चमध्ये रियाज केला. पायांना गोळे आले तरी सोडलं नाही.

आणि एका रविवारी, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, श्रीरंगनं समितीच्या अध्यक्ष फ्राउ केसलरना सांगितलं की आमची चारुलता पुण्यात नाट्यगीतांना पायपेटीची साथ करायची. झालं. बाईंचे डोळे लकाकले. आठवड्यात कार्यक्रम बदलला. सोनाटा, वाकड्या बोटांनी का होईना, हेर फोग्टच वाजवणार, आणि चारुलतानं साडी नेसून, खाली वेदीसमोर मांडी घालून, पेटीवर भारतीय सुरावटी ऐकवायच्या.

“तू हो म्हणालास?” चारुलतानं विचारलं.

“अगं, इतक्या प्रेमानं विचारलं त्यांनी. मग तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि वरती माडीवर ऑर्गनशी बसलीस तर तू दिसणार कुणाला?”

“मला दाखवायचंय का ऐकवायचंय, श्रीरंग?”

श्रीरंग कपबश्या विसळायला उठला. त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे समोरच्याला नाही म्हणणं म्हणजे जणू पाप. पण ती मात्र आतून धुमसत राहिली. नाट्यगीतांवर तिचा जीव होता, पेटीचीही तिला लाज नव्हती. चीड याची होती की ज्या अपमानातून हा सोनाटा जन्माला आला, तोच अपमान हायनेकरच्या नावानं, हार घालून, तिच्या पुढ्यात ठेवला जात होता. आणि गावात एकालाही ते दिसत नव्हतं.

मैफलीच्या दिवशी तिनं साडी नेसली नाही. काळ्या कपड्यांत ती माडीवर गेली. ऑर्गन तिथं वर, प्रवेशदाराच्या डोक्यावर. श्रोते त्याच्याकडे पाठ करून बसतात. एरवी फोग्टच्या बाजूला उभी राहून ती स्टॉप, म्हणजे नाद बदलायच्या खुंट्या, ओढायची, तेवढीच तिची ओळख.

“सोनाटा मी वाजवणार,” ती म्हणाली.

फोग्टनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं बाकावरून सरकले. स्टॉप ओढायला तेच उभे राहिले.

ती वाजवायला बसली आणि हिवाळाभराचा सगळा राग तिच्या पायांत उतरला. शेवटच्या सुरानंतर टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे बसल्या जागी माना वळवून वर बघू लागले. फोग्ट कठड्याशी गेले आणि जन्माच्या सवयीनं वाकले. चारुलता बघतच राहिली.

“हेर फोग्ट, हायनेकर धन्य झाला असेल!” फ्राउ केसलर खालून माइकवर म्हणाल्या. “आणि आता आपल्या भारतीय पाहुण्या. कुठं आहेत त्या?”

फोग्ट ओशाळून कठड्यापासून मागे सरकले. खाली श्रीरंग ताडकन उभा राहिला होता. तो मात्र नेमका तिच्याकडेच बघत होता. चारुलता फोग्टना ओलांडून कठड्याशी आली.

“पाहुणी इथं आहे, फ्राउ केसलर,” ती माइकशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “तिचं वाजवून झालंय.”