नायकाची पाठ

रविवार आला की अब्दुल गनी कामातून जातो, असं त्याच्या बायकोचं, हजराबीचं ठाम मत होतं. सहा दिवस पुसदच्या बाजारात सायकली दुरुस्त करणारा हा शहाणा माणूस सातव्या दिवशी हातांचं ग्रीस घासघासून काढी, डबा-कॅमेरा गळ्यात अडकवी आणि सायकलवर टांग टाकून निघे. कॅमेरा त्याला हैदराबादच्या मामानं दिला होता. मामा देऊन मोकळा झाला, निस्तरणं हजराबीकडे आलं.

"इतवार आया के तुमकू घर काटता," ती क्रोशाची सुई न थांबवता म्हणे. घरातल्या सुरईपासून आरशापर्यंत प्रत्येक वस्तूला तिनं दोऱ्याच्या जाळीचं झाकण घातलेलं होतं. खूळ दोघांनाही होतं. फक्त तिच्या खुळाला रोल लागत नव्हता.

गनीला दुकानांचे फोटो काढायचा भारी नाद. तो कॅमेरा घेऊन उभा राहिला की दुकानदारांच्या अंगात यायचं. किराणावाल्या देवीलालनं एकदा तेलाचे डबे, गुळाच्या भेल्या, मिरच्यांची पोती असं सगळं रस्त्यावर मांडलं, आणि फोटोत स्वतः पोत्यामागे झाकून गेला. तरी तो फोटो त्यानं गल्ल्यावर टांगला. माल तर दिसतो ना, म्हणाला.

त्या हिवाळ्यात, बासष्ट साल लागलं होतं तेव्हा, गनीनं एका बंजारा तांड्याला शब्द दिला. पुसदपासून दोन कोसांवरच्या तांड्यातला धरमसिंग त्याचं जुनं गिऱ्हाईक. धरमसिंगची बहीण जमनी पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या बाजूला दिलेली. तिला दिवस गेले होते, माहेरी येणं जमत नव्हतं, आणि तिनं निरोप धाडला होता की मले याडीचं तोंड पाह्यचं हाये. याडी म्हणजे आई. येत्या बाजारानंतर धरमसिंग बहिणीकडे निघणार होता. त्याच्याबरोबर आईचा, सुखीबाईचा, फोटो द्यायचा होता.

दुसरा उमेदवार तांड्याचा नायक भावसिंग. धरमसिंगचा हा सख्खा मोठा काका. भाऊ तरणाताठा गेल्यावर त्याच्या बायकोपोरांचं सगळं यानंच पाहिलं. दर बाजाराला तो गनीच्या दुकानी टेकायचा आणि विचारायचा, "माहा फोटो कवा काढतं रे? मी मेल्यावर पोरायले दाखवाले तोंड पाह्यजे ना." मग फुटाण्यांची पुडी बांधून घेऊन तांड्याची वाट धरायचा. पुडी सुखीबाईच्या दारात ठेवायची, खाकरायचं आणि पुढं व्हायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम.

त्या रविवारी गनी निघाला तेव्हा रोल नवाकोरा होता. पण वाटेत बबनराव शिंप्यानं मशीन ओट्यावर उन्हात काढलेली दिसली. पायाखाली चिंध्यांचा ढीग, गळ्यात टेप. गनीचा संयम सुटला. पुढे चांभाराचं दुकान, मग बांगड्यांचं, मग आणखी तीन. तांड्यात शिरल्यावर पोरं आणि शेळ्या एकत्र धावत आल्या, तेही त्यानं सोडलं नाही. मग त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेत पाहिलं. आठ फोटोंच्या रोलात आठचा आकडा आला होता. एकच फोटो शिल्लक! नवा रोल नागपूरहून मागवायचा म्हणजे महिना गेला.

बाजेवर नायक केव्हाचा तयार बसला होता. डोक्याला लाल पागोटं, अंगात कोट, मिशांना तेल. पलीकडे सुखीबाई उभी. जमनीसाठी तिनं आरसे आणि कवड्या लावून एक पिशवी कशिद्यानं भरली होती. दुपारचं काम आटोपलं की ती कशिदा घेऊन बसायची, तोच तिचा विरंगुळा. ती पिशवी तिनं छातीशी धरली होती. चेहरा मात्र हनुवटीपर्यंत घुंगटाखाली, कारण जेठ, म्हणजे थोरला दीर, समोर बसला होता.

"नायक," गनी ओशाळून म्हणाला, "एकच फोटो राह्यला. चूक झाली माही. असं करा, तुमी दोघं शेजारी बसा. एकात दोघं येऊन जाईन."

धरमसिंग जमिनीकडे पाहू लागला. गनीच्या ध्यानात आलं, पण तोंडातून शब्द तर निघून गेला होता. स्वतःच्या घरात पडदा पाळणाऱ्या माणसाला एवढं कळू नये! तीस वर्षं ही बाई या जेठासमोर चेहरा उघडा ठेवून उभी राहिली नव्हती, त्याच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती, आणि गनी तिला त्याच्या शेजारी बसवत होता.

"धरमसिंग," सुखीबाई घुंगटातून म्हणाली, "नायकायले सांग, त्यायचाच काढा म्हनाव. जमनीले मी पिशवी धाडतो. पिशवी पाह्यली का तिले मी दिसीन."

गनीला तिथून पळून जावंसं वाटलं. शिंप्याच्या चिंध्यांवर फोटो उधळला, आणि इथं एका मायचं तोंड अडलं. आपल्या नादाची एवढी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

नायकानं मिशीवरून हात फिरवला. वर्षभर वाट पाहिलेला फोटो त्याच्या हातातोंडाशी आला होता, आणि नायकाला नाही म्हणणारं तांड्यात कोणी नव्हतं. मग तो उठून बाजेच्या मागे गेला, पागोटं सारखं केलं आणि सगळ्यांकडे पाठ करून शेताकडे तोंड करून उभा राहिला.

"गनीभाई," तो तिकडूनच म्हणाला, "घे. काढ."

"नायक, तोंड नाही येनार तुमचं."

"जमनीले माहं तोंड कायले पाह्यजे? लहानपनी माह्या पाठीवरच तं राह्यली थे. वळखीन बराबर. धरमसिंग, तुह्या मायले म्हन, घुंगट वर कर. मी खाकरल्याबिगर फिरत नाही."

सुखीबाई बाजेवर बसली. तिनं घुंगट मागे सारला. गनीनं कॅमेरा पोटाशी धरला, वरच्या इवल्याशा काचेत वाकून पाहिलं. ऊन तिच्या पिशवीवरल्या आरशांवर पडून काच नुसती लखलखत होती. त्यानं श्वास रोखून खटका दाबला.

नायक खाकरला. घुंगट खाली आला.

पुढचे दिवस गनीचे कसेतरी गेले. रोल धुवायला यवतमाळला पाठवला होता आणि त्याला सारखं वाटत होतं, हात हलला असणार. बाजाराच्या दिवशी सकाळी पाकीट आलं. त्यानं शेवटचा फोटो काढून उजेडात धरला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हजराबीनं तो कितीतरी वेळ पाहिला. "दुकानों से अच्छा आया," एवढंच म्हणाली. त्याच्या लग्नापासूनचं हे पहिलं कौतुक होतं.

दुपारी दुकानाच्या दारात कोणीतरी खाकरलं. सायकलच्या दुकानात खाकरून कोण शिरतो? गनीनं मान वर केली तर नायक, नजर खाली घालून उभा.

गनी काय ते समजला. त्यानं पाकिटातून फोटो काढला, सुखीबाईच्या चेहऱ्यावर कागदाचा तुकडा धरला आणि मगच पुढे केला. नायकानं आपलं पागोटं, आपला कोट, आपली रुंद पाठ बराच वेळ निरखली.

"पाठ चांगली आली," तो म्हणाला. मग हळूच, "थे कशी आली?"

"झकास, नायक."

"तसं नाही. भाऊ गेला तवापासून मी घर पाह्यतो. दाना कमी पडू देल्ला नाही. पन ह्या बाईचं तोंड मले ठाव नाही. रडते का हासते, कोनाले इचारू?"

गनीनं फोटो आपल्याकडे वळवला. नीट पाहिला.

"हासून राह्यली, नायक. खरंच. तोंडभर हासून राह्यली. समोरचे दात नाही, तरी हासून राह्यली."

"दात नाही?" नायकानं मान वर केली. "कवा पडले?"

"मले काय ठाव. वरचे चार तं नाहीच. खालचेबी दोनेक गेले."

नायकाच्या हातात फुटाण्यांची ताजी पुडी होती, अजून गरम. त्यानं ती उघडली, आतले टणक दाणे पाहिले आणि पुडी पुन्हा मिटली. वर्षानुवर्षं दर बाजाराला तो त्या दारात फुटाणे ठेवत आला होता, आणि ती थेट बोलत नव्हती म्हणून नको असंही कधी म्हणाली नव्हती.

"काहून नाही सांगतलं कोनं?" तो स्वतःशीच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत.

पुडी त्यानं गनीच्या हातात कोंबली. "पोरायले दे," म्हणाला आणि दुकानातून उतरून फळवाल्याच्या गाडीपाशी गेला. तिथं उभं राहून तो एकेक केळं बोटानं दाबून, पिकलेली तेवढी निवडून घेऊ लागला.