माझा ‘नाही’

नाचता तुम्हाला येत नाही आणि वाकडं म्हणता अंगणाला! आडमुठा, हेकट, कटकट्या, काय काय नावं ठेवलीत मला. ठेवा. मी कंपायलर बोलतोय. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणं हे माझं काम. पण त्यात धोका दिसला, की मी दारातच अडवतो.

माझा थोरला भाऊ, जुन्या भाषेचा कंपायलर, फार मोकळा. ‘तुला कळतंय ना? मग कर!’ म्हणतो. त्याच्या भरवशावर जग चाललं, आणि अधूनमधून कोसळलंही. ते पाहूनच माझ्या जन्मदात्यांनी ठरवलं: मेमरीतल्या प्रत्येक वस्तूला मालक एकच. उसनी खुशाल घ्या, पण मालकाने ती टाकून दिल्यावर तिला हात लावायचा नाही. अगदीच अडलं तर ‘असुरक्षित’ हा शब्द स्वतःच्या हाताने लिहायचा, मग मी नजर वळवतो. शब्द मुद्दामच असा निवडला, लिहिताना बोचावा म्हणून.

मी राहतो त्या खोलीत तान्ह्या बाळांना थेंबथेंब औषध देणारा पंप बनतो. प्रोग्राम लिहिणारी ताई थोरल्याच्या लाडात वाढलेली. औषधाचं प्रमाण ठेवलेली मेमरीतली जागा तिने मोकळी केली आणि पुढे तिथूनच प्रमाण वाचायला सांगितलं. तोवर तिथे कुठलाही आकडा येऊन बसला असता! मी म्हणालो, नाही.

‘अरे माझ्या राजा, होऊ दे की!’ ती करवादली. ‘सासूसुद्धा एवढी खुसपटं काढत नाही.’

साहेब मागेच उभे होते. ‘तो एक शब्द लिही, गप्प बसेल. थोरल्याकडे हे सहज चाललं असतं.’

चाललं असतं, साहेब. म्हणूनच तर मी जन्मलो! मला शिव्या द्या, कोपऱ्यात टाका. पण कुणाच्या जिवाशी खेळ माझ्या ‘हो’ने होणार नाही.

ताईने तो शब्द लिहिला. नियम तो नियम, मी बाजूला झालो. पण तिचं बोट पुढच्या बटणावर टेकेना. तिने शब्द पुसला.

‘नाही लिहिणार, साहेब. मांडणीच बदलते. आज पंप मिळणार नाही.’

‘अगं, इस्पितळातून ह्या नर्सबाई पंप न्यायला आल्यात, त्यांना काय सांगू?’

शेजारच्या खुर्चीत बसून सगळं पाहणाऱ्या नर्सबाई उठल्या.

‘मला काही सांगू नका. तो शब्द ठेवायचाच असेल, तर पंपावर बाहेरूनही लिहा. बाळांच्या आयांना वाचता येतं.’