एका पायावरची सूचना

आमच्या चर्चमध्ये प्रवचन संपलं की सूचना सुरू व्हायच्या, आणि त्या संपेपर्यंत प्रवचन कशावर होतं हे खुद्द पाळकसाहेबांनाही आठवायचं नाही. तातडीची सूचना लाल कागदावर लिहून फळ्यावर लावायची आणि रविवारी वाचायची, अशी पद्धत होती. पद्धत चांगली होती. फक्त आपली सूचना कमी तातडीची आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. फुलदाण्या धुवायला माणूस हवा: लाल. गायकवृंदाचा सराव अर्धा तास उशिरा: लाल. जिन्याखाली छत्री सापडली आहे: लाल. ही छत्री गेल्या हिवाळ्यापासून दर रविवारी सापडत होती. नवा माणूस फळ्यासमोर उभा राहिला की त्याला वाटायचं, इथे काहीतरी भयंकर होऊन गेलंय आणि आपल्याला कुणी सांगत नाहीये.

या लाल रानात माझ्या मावशीचाही एक कागद होता. चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात मावशी जेवण बनवायची आणि ज्यांना जिना उतरता येत नाही अशा म्हाताऱ्यांच्या घरी रोज दुपारी डबे जायचे. ते पोहोचवणाऱ्या व्हॅनवाल्या काकांना डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत देऊन पुढे गाडी चालवायला मनाई केली होती. डोळे. मुदत आता संपत आली होती; येत्या सोमवारपासून तीन गाड्या मिळाल्या नाहीत तर डबे बंद.

ही सूचना महिनाभर वाचली जात होती. सगळ्यात शेवटी, छत्रीनंतर. आणि ज्यांच्याकडे गाड्या असतात ते आवारात कोंडी व्हायच्या आत निघायचं म्हणून छत्रीच्या आधीच सटकतात. म्हणजे गाडी हवी आहे हे आमच्याकडे फक्त पायी येणाऱ्यांना माहीत होतं. त्यांना फार वाईट वाटायचं.

"तू चर्चच्या त्या कसल्याशा संपर्क विभागाचा प्रमुख आहेस ना?" मावशीने शुक्रवारी मला गाठलं.

"विभागात मी एकटाच आहे, मावशी."

"मग बंडाची भीती नाही. कर काहीतरी."

मी पाळकसाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, या रविवारी एकच सूचना. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू त्यांची शिक्षा माफ झाली होती.

"एकच?" त्यांनी परत विचारलं, ऐकायला बरं वाटलं म्हणून. मग चेहरा पडला. "पण कुठली, ते कोण ठरवणार? तू मावशीची निवडलीस तर लोक म्हणतील, भाचा आहे. वर तुझे बाबा पुरुष मंडळाचे अध्यक्ष."

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. कुठून आली ते विचारू नका. प्रत्येकाने एका पायावर उभं राहून आपली सूचना सांगायची. पाय टेकला की सूचना संपली. जो पूर्ण सांगेल, त्याचीच रविवारी वाचायची.

शनिवारी दुपारी सगळे हॉलमध्ये जमले. पहिला मान बाबांचा. त्यांना बुद्धिबळ स्पर्धेची सूचना द्यायची होती. या स्पर्धेला दरवर्षी तीन खेळाडू येतात, त्यातले एक बाबा. त्यांनी पाय उचलला, घसा खाकरला, "आदरणीय सभासद बंधू आणि" म्हणाले आणि टेकले. भगिनींपर्यंत पोहोचलेच नाहीत. गायकवृंदाचे मास्तर वृंदाच्या स्थापनेपासून सुरू झाले आणि स्थापनेतच कोसळले. फुलंवाल्या बाई मात्र बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. आम्ही थक्क झालो. पण त्यांनी सगळा वेळ फुलांच्या रंगांवर घालवला आणि फुलदाणी यायच्या आत पोटरीत गोळा आला.

मावशी ओल्या हातांनीच आली. पाय उचलला. "सोमवारपासून डबे पोहोचवायला तीन गाड्या हव्यात, नाहीतर म्हातारी माणसं उपाशी राहतील." पाय खाली. "झालं? माझं पातेलं गॅसवर आहे."

"ही घराणेशाही आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हीही घराण्यातच आहात."

"भावजी," मावशी दारातून म्हणाली, "तुम्ही बंधूंवरच आडवे झालात, मी काय करू?"

त्या रात्रीपासून बाबा घरी माझ्याशी आईमार्फत बोलायला लागले.

रविवारी सकाळी मी सगळे लाल कागद काढून टाकले. खालून हिरवा फळा निघाला. एका आजींनी विचारलं, नवीन आणलात का. मी ती सूचना इतक्यांदा पुटपुटलो की शेजारच्या बाकावरचं बाळ माझ्याकडेच बघत होतं. एकच सूचना. शेवटची नाही, पहिली नाही, एकच.

पण आमच्याकडे सूचनांच्या आधी मंडळीतल्या कुणालाही उभं राहून प्रार्थना करता येते. हे मी विसरलो होतो. बाबा विसरले नव्हते.

ते उठले, डोळे मिटले. "हे प्रभू, तू सर्वज्ञ आहेस. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मागच्या हॉलमध्ये बुद्धिबळ स्पर्धा आहे, हे तुला ठाऊकच आहे. प्रवेश सर्वांना खुला आहे, हेही तू जाणतोस."

"आमेन," सगळे म्हणाले. सवयीने मीही म्हणालो.

मग काय, बांधच फुटला. मास्तरांनी सरावाच्या नव्या वेळेबद्दल देवाचे आभार मानले. फुलंवाल्या बाईंनी फुलदाण्या धुण्यासाठी एखादा नम्र सेवक मागितला. मागून कुणीतरी म्हणालं, "हे प्रभू, ती छत्री ज्याची असेल त्याला आठवण दे." प्रार्थना करणाऱ्याला मध्येच थांबवायचं कसं? आणि छत्रीचं नाव ऐकताच मागच्या बाकांवर गाड्यांच्या किल्ल्या वाजल्या. लोक उठायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. तिने ओले हात पदराला पुसले.

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते हातात कागद न घेता पुढे आले, झग्याची कड वर धरली आणि एक पाय उचलला.

किल्ल्या गप्प झाल्या. पोरं बाकांवर चढली.

"उद्यापासून म्हाताऱ्यांचे डबे पोहोचवायला तीन गाड्या हव्यात," ते म्हणाले. "नाही मिळाल्या तर डबे बंद. बाई त्या दारात उभ्या आहेत."

आता पाय टेकतील असं वाटलं. टेकला नाही. ते तसेच उभे राहिले आणि मंडळीकडे बघत राहिले. पाळकसाहेब वजनदार गृहस्थ आहेत. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की गाड्या मिळेपर्यंत हा पाय खाली येणार नाही.

दारापर्यंत पोहोचलेल्या दातांच्या डॉक्टरांनी किल्लीसकट हात वर केला. "एक," मावशी म्हणाली. पाळकसाहेब डावीकडे झुकले. मास्तरांचा हात वर. "दोन." पाळकसाहेब उजवीकडे झुकले, आणि पहिल्या बाकावरचे लोक जरा सरकून बसले.

आमच्याकडे गाडी आहे. बाबा ती रोज पुसतात आणि आम्हाला चपला हातात घेऊन आत बसवतात. हे अख्ख्या मंडळीला माहीत आहे, त्यामुळे अख्खी मंडळी वळून बाबांकडे बघत होती.

"उठा," आई समोर बघत म्हणाली.

"गाडीत रस्सा सांडला तर?"

"पाळकसाहेब सांडायच्या आत उठा."

बाबा उठले. "झाकणं घट्ट असतील तर..."

"तीन," मावशी म्हणाली. पाय खाली आला. कुणी आमेन म्हणालं नाही, पण टाळ्या पडल्या, आणि आमच्याकडे टाळ्या पडत नाहीत.

सोमवारी बाबांनी सीटवर वर्तमानपत्रं पसरली, डब्यांना पट्टे लावले आणि इतक्या हळू गेले की एका सायकलवाल्याने पुढे जायला मागून घंटी वाजवली. ते परतले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

"सांडलं का?" आईने विचारलं.

"चौथ्या मजल्यावर एक घड्याळवाले आहेत," बाबा म्हणाले. "डबा ठेवायला गेलो तर टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला. एकटेच दोन्हीकडून खेळतात. म्हणाले, हल्ली मी स्वतःशीसुद्धा हरतो."

"मग?"

"माझ्याशी नाही हरले."

मंगळवारी बाबांची पाळी नव्हती. तरी सकाळी त्यांनी किल्ली खिशात टाकली. दाराशी थांबले आणि शनिवारनंतर माझ्याशी पहिल्यांदाच थेट बोलले.

"स्पर्धा आम्ही चौथ्या मजल्यावर हलवतोय. ते खाली येऊ शकत नाहीत ना. येत्या रविवारी सांगायला हवं."

"नियम माहीत आहे ना, बाबा?"

"माहीत आहे," ते म्हणाले, खुर्चीची पाठ धरली, आणि सरावासाठी एक पाय उचलला.